अमेरिकेत पहिली मोठी गाडी घेताना: व्हॅन की एसयूव्ही, लीज की कर्ज

अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं जुन्या कॅमरी-कोरोलावर सहज निघतात. मग दुसरं मूल होतं, किंवा आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचं ठरवतात, आणि हिशेब जुळेनासा होतो: दोन कार सीट, सोबत आजी-आजोबा, पुढे आपण दोघं. धाकट्याला आजीच्या मांडीवर देऊन पाच जणांच्या गाडीत सहा माणसं बसवणं इथे चालत नाही. पोलीस थांबवतात, आणि थांबवतात ते बरंच करतात.

अशा घरांसाठी हा लेख आहे. बहुतेक जण गाडीची सुरुवात रंगापासून करतात आणि व्यवहाराची सुरुवात ‘महिन्याला किती?’ या प्रश्नापासून. माझ्या मते दोन्ही उलट्या टोकाने धरावं. गाडी तिसऱ्या रांगेपासून बघायची, आणि करार ‘यातून बाहेर कसं पडायचं’ इथून वाचायचा. व्हिसावर असलेल्यांना हे दुसरं जास्तच लागू.

आधी माणसं मोजा

रोज गाडीत किती जण, आठवड्यातून एखाद्या दिवशी किती आणि वर्षातून एकदा किती, असे तीन आकडे लिहून काढा. रोज चार आणि वर्षातून एकदा आठ, असं असेल तर मोठी गाडी घेऊ नका. नायगाराच्या ट्रिपला आठवडाभरासाठी व्हॅन भाड्याने घ्या, स्वस्त पडेल. पण आई-बाबा दरवर्षी काही महिने येणार असतील, किंवा मुलांच्या मराठी शाळेची, पोहण्याची, सॉकरची ने-आण दोन-तीन घरं मिळून वाटून घेत असाल, तर तिसरी रांग लागणारच.

मग पुढचा प्रश्न: त्या रांगेत नेमकं कोण बसणार? सात वर्षांची मुलगी बसणार असेल तर बहुतेक मोठ्या एसयूव्ही चालतील. पंच्याहत्तरीतले बाबा बसणार असतील तर बऱ्याच गाड्या यादीतून तिथेच बाद होतात.

व्हॅन की एसयूव्ही

आपल्याला व्हॅन म्हटलं की ओम्नी आठवते, आणि ओम्नीसोबत शाळेच्या पोरांची कोंबाकोंबी. त्यामुळे ‘इतके पैसे घालून व्हॅन घ्यायची?’ ही कुरकुर प्रत्येक घरात एकदा होतेच. इथली मिनीव्हॅन वेगळ्या घराण्यातली आहे. क्रायस्लर कंपनीने १९८३च्या अखेरीस, १९८४चं मॉडेल म्हणून, डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर बाजारात आणल्या तेव्हाच तिचा साचा ठरला: साध्या कारसारखी पुढची चाकं ओढणारी, जमीन खाली, बाजूला सरकतं दार.

ही खालची जमीनच सगळा फरक करते. तिसऱ्या रांगेच्या मागे व्हॅनला खोल खड्डा असतो. रांग उभी असताना त्यात बॅगा उतरतात आणि नको असेल तेव्हा रांगच त्यात दुमडून बसते. एसयूव्हीची जमीन वर असते, त्यामुळे तिथे मागच्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात आणि बॅगांना जागा उरत नाही. टोयोटाचीच दोन उदाहरणं घ्या. तिसरी रांग उभी असताना सिएना व्हॅनच्या मागे ३३.५ घनफूट जागा आहे, हायलँडर एसयूव्हीत १६. मुंबईहून दोन माणसं प्रत्येकी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा घेऊन उतरली की या आकड्यांचा अर्थ विमानतळाच्या पार्किंगमध्येच कळतो.

मोठी एसयूव्ही हवीच असेल तर ग्रँड हायलँडर, होंडा पायलट, किया टेल्युराइड आणि ह्युंदाई पॅलिसेड या त्यातल्या त्यात ऐसपैस. एसयूव्हीची बाजू कुठे खरी ठरते तेही सांगतो. मागे बोट किंवा ट्रेलर ओढायचा असेल तर या वर्गातल्या बऱ्याच गाड्या ५,००० पौंड ओढतात, व्हॅन ३,५००च्या आसपास थांबतात. (आपल्या लोकांपैकी बोट ओढणारे कितीसे? असो.) घरापुढचा चढ तीव्र असेल आणि बर्फ खूप पडत असेल तर थोडी जास्त उंचीही कामाला येते. पण ‘बर्फ पडतो म्हणून एसयूव्ही’ हे गणित पूर्ण बरोबर नाही. सिएना आणि क्रायस्लर पॅसिफिका चारही चाकांच्या ड्राइव्हमध्ये मिळतात. शिवाय बर्फात थांबायला आणि वळायला ड्राइव्हपेक्षा टायर महत्त्वाचे. पुढच्या चाकांच्या व्हॅनला हिवाळी टायर घातले की न्यू जर्सीच्या हिवाळ्याला ती पुरून उरते.

टेस्ट ड्राइव्हला जाताना सगळं कुटुंब न्या, कार सीटही न्या. दुसऱ्या रांगेत कार सीट बसवा आणि मग आईला तिसऱ्या रांगेत जायला सांगा. व्हॅनमध्ये दोन सुट्या खुर्च्यांच्या मधून चालत जाता येतं. एसयूव्हीत दुसरी रांग सलग बाकासारखी असेल तर कार सीट बसल्यावर मागे जाण्याचा रस्ताच बंद होण्याची शक्यता असते. चढताना हाताला धरायला काही आहे का, पाय किती उचलावा लागतो, तेही बघा. सेल्समन हे दाखवणार नाही, तो स्क्रीन दाखवेल. आणि घरून दोन रिकाम्या बॅगा नेल्यात तर कोणी हसलं तरी चालेल.

एक बारीक सोय: न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय अशा राज्यांत रविवारी गाड्यांची विक्री कायद्याने बंद असते, आणि टेक्सासमध्ये डीलरला शनिवार-रविवारपैकी एक दिवस बंद ठेवावाच लागतो. त्या दिवशी डीलरच्या आवारात शांतपणे हिंडून काचांवरचे किमतीचे कागद वाचता येतात. मागे कोणी येत नाही.

चार व्हॅन, मालकांच्या तोंडून

टोयोटा सिएना २०२१पासून फक्त हायब्रिड येते. पुढच्या चाकांच्या मॉडेलला सरकारी मापाने गॅलनला ३६ मैल. वर्षाला १२,००० मैल धरले तर २२ मैल देणाऱ्या व्हॅनपेक्षा सुमारे २१० गॅलन कमी, म्हणजे गॅलनला सव्वातीन डॉलर धरून सातशेच्या आसपास बचत. मालकांच्या तक्रारी दोन. हायवेवर शिरताना जोरात दाबली की इंजिन ओरडतं, आणि दुसऱ्या रांगेच्या खुर्च्या काढता येत नाहीत, कारण त्यांत एअरबॅग आहेत. म्हणजे फर्निचर आणायला तिचा उपयोग मर्यादित. मागणी मोठी असल्याने सवलत मिळणं अवघड, आणि सेकंडहँडही स्वस्त मिळत नाही.

होंडा ओडिसी चालवायला सगळ्यांत गोड, असं बहुतेकांचं म्हणणं. सहा सिलिंडरचं जुन्या वळणाचं इंजिन, शहर-हायवे मिळून गॅलनला २२ मैल. दुसऱ्या रांगेच्या खुर्च्या आडव्या सरकतात, त्यामुळे भांडणाऱ्या दोन मुलांना दूर करता येतं किंवा रडणाऱ्या बाळाला हाताशी घेता येतं. या खुर्च्या निघतातही, पण जड आहेत, दोघं लागतात. चारही चाकांचा ड्राइव्ह मिळत नाही.

क्रायस्लर पॅसिफिकाच्या पेट्रोल मॉडेलमध्ये दुसरी रांगसुद्धा जमिनीत गडप होते. असं बाकी कोणात नाही. किंमत लवकर पडते. नव्या मालकाचा तो तोटा, सेकंडहँड घेणाऱ्याचा फायदा. मात्र टिकाऊपणाबद्दल मतं फार वेगवेगळी ऐकू येतात. तिचं प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरच्या प्लगवरही चार्ज होणारं मॉडेल, घेणार असाल तर दुसऱ्या रांगेच्या खालची जागा बॅटरीने घेतलेली असते हे लक्षात ठेवा. २०१७ आणि २०१८च्या अशा गाड्या आगीच्या धोक्यामुळे २०२२मध्ये परत बोलावल्या होत्या आणि दुरुस्ती होईपर्यंत घरापासून दूर उघड्यावर लावायला सांगितलं होतं. म्हणून दुरुस्ती झाल्याचा कागद बघितल्याशिवाय त्या वर्षांची गाडी नको.

किया कार्निव्हल बाहेरून एसयूव्हीसारखी दिसते, त्यामुळे घरातली कुरकुर मिटते. इंजिन-गिअरबॉक्सची १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी आहे, पण ती पहिल्या मालकाला. खाजगी विक्रेत्याकडून सेकंडहँड घेतली तर ती ५ वर्षं, ६०,००० मैलांवर येते. २०२५च्या मॉडेलपासून हायब्रिडही मिळते.

एक गोष्ट कोणीही डीलर आपणहून सांगत नाही: यातल्या बऱ्याच व्हॅनमध्ये स्टेपनी नसते, पंक्चरचं किट असतं. मागचं झाकण उघडून विचारा.

दुकानात जाण्याआधीची तीन कामं

पहिलं लायसन्स. राज्यात राहायला आल्यावर किती दिवसांत तिथलं लायसन्स काढायचं याचा नियम राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात तर फक्त १० दिवस मिळतात. भारतातल्या लायसन्सवर महिनोन्‌महिने चालवत राहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारतो.

दुसरं इन्शुरन्स. गाडी ठरवण्याआधी दोन-तीन मॉडेलचे भाव काढा. भारतातला पंधरा वर्षांचा अनुभव बहुतेक कंपन्या मोजत नाहीत, त्यामुळे पहिला हप्ता डोळे पांढरे करणारा असतो. राज्याने सांगितलेली किमान मर्यादा घेऊन पैसे वाचवू नका. घर, नोकरी आणि मुलं असलेल्या माणसाला १००/३०० ही मर्यादा, म्हणजे इजेसाठी एका माणसामागे १ लाख आणि एका अपघातामागे ३ लाख डॉलर, ही सुरुवात आहे. लीज घेतली तर बहुतेक कंपन्या तेवढी मागतातच.

तिसरं कर्जाची पूर्वमंजुरी. एखाद्या क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या सहकारी बँकेकडून, व्याजदर लिहून घ्या आणि मगच डीलरकडे जा. १४ दिवसांच्या आत चार ठिकाणी चौकशी केली तरी क्रेडिट स्कोअरच्या हिशेबात ती एकच मोजली जाते, तेव्हा घाबरू नका. एच-वन-बीवर असाल तर काही बँका आय-७९७, म्हणजे व्हिसा अर्जाच्या मंजुरीचा कागद, मागतात आणि कर्जाची मुदत व्हिसाच्या तारखेपर्यंतच देतात. सगळ्याच तसं करत नाहीत, विचारत राहावं लागतं.

लीज म्हणजे नेमकं काय

‘आपण काही इथे कायमचे नाही, मग विकत कशाला, लीजच घेऊ.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

लीजमध्ये तुम्ही गाडीची पूर्ण किंमत देत नाही. तीन वर्षांत गाडीची किंमत जितकी पडेल असा अंदाज आहे, तितकी घट तुम्ही भरता आणि वर पैशाचं भाडं देता. आकडे तीन. ठरलेली किंमत, जिला कॅप कॉस्ट म्हणतात. तीन वर्षांनंतरची धरलेली किंमत, म्हणजे रेसिड्युअल. ही लीज कंपनी ठरवते आणि तिच्यावर घासाघीस होत नाही. आणि मनी फॅक्टर, म्हणजे वेगळ्या वेषातला व्याजदर. त्याला २४०० ने गुणलं की ओळखीची टक्केवारी मिळते.

उदाहरण घेऊ. काचेवरची किंमत ४५,००० डॉलर, बोलून ठरलेली ४३,०००. ३६ महिन्यांनंतरचं रेसिड्युअल ६० टक्के. हे काचेवरच्या किमतीवर मोजतात, म्हणजे २७,०००. घट झाली १६,०००. भागिले ३६, म्हणजे महिन्याला सुमारे ४४४. भाडं काढताना दोन्ही किमतींची बेरीज करायची: ७०,०००. मनी फॅक्टर ०.००२५ असेल, म्हणजे ६ टक्के, तर भाडं १७५. दोन्ही मिळून ६१९ आणि वर कर.

आता डीलरने मनी फॅक्टर हळूच ०.००३० केला तर काय होतं बघा. भाडं २१० होतं. महिन्याला फक्त ३५ डॉलरचा फरक, कोणी विचारतही नाही. तीन वर्षांत मात्र १,२६० डॉलर जातात. १९७६च्या केंद्रीय लीज कायद्यानुसार करारात हप्त्यांची बेरीज, मुदतीआधी सोडण्याच्या अटी, मैलांचा दंड हे सगळं लिहावं लागतं, पण मनी फॅक्टर लिहिण्याचं बंधन नाही. म्हणून तो तोंडाने विचारायचा, कागदावर लिहून घ्यायचा आणि वरचं गणित फोनवर करून हप्ता जुळतो का बघायचं. न जुळल्यास ‘यात आणखी काय आहे?’ एवढंच विचारा.

लीजवर मोठं डाउन पेमेंट देऊ नका. जाहिरातीतला हप्ता छोटा दिसतो तो सहीच्या वेळी भरायच्या चार-पाच हजारांमुळे. दुसऱ्याच महिन्यात अपघातात गाडी निकामी झाली तर इन्शुरन्स लीज कंपनीला पैसे देतो. तुमचं डाउन पेमेंट सहसा परत येत नाही.

मैलांची मर्यादा वर्षाला १०,०००, १२,००० किंवा १५,००० असते आणि वरच्या प्रत्येक मैलाला साधारण १५ ते ३० सेंट दंड. फक्त ऑफिसचं अंतर मोजून १०,००० घेणारे फसतात. दर शनिवारी मराठी शाळा, महिन्याला मंडळाचा कार्यक्रम, पाहुणे आले की वॉशिंग्टन आणि नायगारा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून नायगारा जाऊन-येऊनच आठशे मैल. आई-बाबा आले की मैल वाढतात, हे धरूनच चला. नायगाराच्या पलीकडे कॅनडात जायचं असेल तर लीजची गाडी सीमेपार न्यायला परवानगीपत्र लागतं का, तेही करारात बघा.

करही राज्यागणिक वेगळा. बऱ्याच राज्यांत तो हप्त्यावर लागतो. न्यू जर्सीत तो सुरुवातीलाच आकारतात. टेक्सासमध्ये गाडीच्या पूर्ण किमतीवर कर बसतो आणि तो साधारणपणे लीज घेणाऱ्याकडूनच वसूल होतो, त्यामुळे डॅलस-ह्यूस्टनकडे लीजचं गणित मुळातच बिघडतं. कॅलिफोर्नियातल्या मित्राचा हप्ता ऐकून टेक्सासमध्ये तुलना करू नका.

आता त्या वाक्याकडे. लीज ही ‘तात्पुरती’ सोय नाही, तो ३६ महिन्यांचा पक्का करार आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली तर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस असतात. विकत घेतलेली गाडी त्या ६० दिवसांत विकता येते. कर्ज शिल्लक असलं तरी डीलर बँकेचे पैसे चुकते करून उरलेले तुम्हाला देतो, आणि किमतीपेक्षा कर्ज जास्त असेल तर तेवढा फरक तुम्ही भरता. लीज मध्येच सोडायची तर उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग मागितला जाऊ शकतो. काही कंपन्या दुसऱ्याच्या नावावर लीज करू देतात, काही देत नाहीत. काही तिऱ्हाईत डीलरला ती विकू देत नाहीत. सहीआधी हे तीन प्रश्न विचारा: मध्येच सोडली तर किती, दुसऱ्याच्या नावावर होते का, तिऱ्हाइताला विकता येते का.

ज्याची तीन वर्षांची बदली पक्की आहे आणि मैल ठरलेले आहेत, त्याला लीज बरी. किती वर्षं राहू ते माहीत नाही अशा घराला ती सगळ्यांत वाईट. आणि तिसरं, लहान मुलांच्या घरात लीजची गाडी म्हणजे डोक्याला ताप. परत देताना तपासणी होते. सीटवरचे हळदीचे डाग आणि दारावरचे सायकलचे ओरखडे बिलात येतात. बऱ्याच करारांत टायरची नक्षी एक अष्टमांश इंच तरी शिल्लक लागते. वर परत देण्याचं शुल्क वेगळं.

इलेक्ट्रिक एसयूव्ही लीजवर घेतली की ७,५०० डॉलरची सरकारी सवलत मिळते, असा सल्ला अजून फिरतो. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली.

विकत घ्यायची तर

कर्ज ६० महिन्यांचं घ्या. ७२ आणि ८४ महिन्यांत हप्ता छान दिसतो, पण बरीच वर्षं गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं राहतं, आणि तेव्हाच परत जायची वेळ आली तर खिशातून पैसे घालून गाडी विकावी लागते.

२०२५ ते २०२८ या कर-वर्षांसाठी नव्या गाडीच्या कर्जावरचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं. अट अशी की गाडीची शेवटची जुळणी अमेरिकेत झालेली हवी. लीजला आणि सेकंडहँडला हे नाही. सिएना इंडियानात बनते, ओडिसी अलाबामात; पॅसिफिका कॅनडातल्या विंडसरची, कार्निव्हल कोरियाची. जोडप्याचं एकत्र उत्पन्न २ लाखांपलीकडे गेलं की वजावट कमी होत जाते, त्यामुळे दोघंही आयटीत असाल तर आशा जरा आवरती ठेवा.

सेकंडहँडमध्ये तीन-चार वर्षांची, लीजवरून परत आलेली व्हॅन सहसा चांगला सौदा असतो. डीलरच्या सेकंडहँड गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद कायद्याने लागतो. त्यावर ‘अ‍ॅज इज’वर खूण असेल तर वॉरंटी शून्य, मग सेल्समन तोंडाने काहीही म्हणो. सतरा अक्षरी व्हिन क्रमांक केंद्रीय वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की राहिलेली रिकॉल दुरुस्ती फुकट कळते. कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या इतिहासाचा अहवाल, बघा, पण त्यावर थांबू नका. शंभर-दोनशे डॉलर देऊन तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. डीलर गाडी बाहेर न्यायला नाही म्हणाला तर तिथून निघा. सरकत्या दारांची मोटर दोन्ही बाजूंनी चार-पाचदा उघडझाप करून बघा, व्हॅनचा तो नाजूक भाग आहे.

किंमत ठरवताना

दुकानात जाऊन बोलणी करू नका. चार डीलरना एकच ईमेल पाठवा: हे मॉडेल, हा ट्रिम (त्या मॉडेलमधला सोयींचा प्रकार), ‘आउट द डोअर’ किंमत किती? म्हणजे कर, नोंदणी, डॉक फी सगळं धरून. ही डॉक फी म्हणजे निव्वळ कागद रंगवण्याचे पैसे. न्यू यॉर्कमध्ये तिला १७५ डॉलरची मर्यादा आहे. फ्लोरिडात मर्यादा नाही, तिथे ती हजाराच्या घरात जाते. जो डीलर ‘आधी या, मग बोलू’ म्हणतो त्याला वगळा.

नव्या गाडीच्या काचेवरचा किमतीचा कागद १९५८च्या कायद्याने लावावा लागतो. त्याच्या शेजारी डीलरने स्वतःचा दुसरा कागद चिकटवलेला असतो: काचेवर नंबर कोरणे, टायरमध्ये नायट्रोजन, रंगाचं संरक्षण. हे सगळं नको म्हणायचं. ‘लावून झालंय’ म्हणाले तर ‘मग तुमच्या खर्चाने’ म्हणा.

सेल्समन कागदावर चार चौकोन काढेल: जुन्या गाडीची किंमत, नव्या गाडीची किंमत, डाउन पेमेंट, महिन्याचा हप्ता. एका चौकोनात सूट देऊन दुसऱ्यात वसूल करायची ही जुनी पद्धत. तुम्ही एकाच चौकोनावर बोला, गाडीची किंमत. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा भाव वेगळ्या ठिकाणी आधी काढून ठेवा.

किंमत ठरली की फायनान्स मॅनेजरच्या खोलीत नेतात. चार तास झालेले असतात, मुलं कंटाळलेली असतात, आणि तिथे वाढीव वॉरंटी, टायर-व्हील विमा, गॅप विमा (गाडी निकामी झाली तर तिची किंमत आणि उरलेलं कर्ज यांतला फरक भरणारा) पुढे येतो. तिथला व्याजदर क्रेडिट युनियनपेक्षा कमी असेल तर घ्या, नाहीतर तुमचं पूर्वमंजुरीचं पत्र दाखवा. गॅप विम्याची गरज लीजवर बहुधा करारातच भागलेली असते. कर्जावर तो तुमच्या इन्शुरन्स कंपनीकडे स्वस्त मिळू शकतो. आज सही केली तरच हा भाव, असं म्हणतील. उद्याही तोच भाव असतो. मात्र सही झाली की ‘तीन दिवसांत परत’ असा केंद्रीय हक्क डीलरकडे घेतलेल्या गाडीला नाही. घरी जाऊन जेवून या, मग सही करा.

घरी आणल्यावर

सिएनाची लांबी जवळपास १७ फूट आहे. टाउनहाउसचं गॅरेज घेण्याआधी मोजा, झाकण वर उघडल्यावर लागणारी उंचीही मोजा. पहिले काही दिवस रिकाम्या पार्किंगमध्ये उलटी लावायचा सराव करा. मागचा कॅमेरा मे २०१८पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, पण तो बाजूचा खांब दाखवत नाही.

दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा कागद असतो: माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त इतके पौंड. सात मोठी माणसं सरासरी १६० पौंडांची आणि पन्नास पौंडांच्या चार बॅगा धरल्या तर १,३२० होतात. काही मॉडेलमध्ये हा आकडा मर्यादेच्या अगदी जवळ जातो. छतावर आणखी पेटी चढवण्याआधी कागद वाचा आणि टायरची हवा त्यावर लिहिलेल्या दाबाला आणा. पहिल्या थंडीत हवेचा पिवळा दिवा लागेल. दर दहा अंश फॅरनहाइटला दाब साधारण एक पीएसआय उतरतो. हवा भरा, दिवा जातो.

कार सीट खालच्या लॅच हुकांनी (गाडीच्या सीटच्या फटीतल्या कड्यांत अडकणाऱ्या) लावली असेल तर मूल आणि सीट मिळून ६५ पौंडांनंतर ते हुक सोडून गाडीच्या पट्ट्याने बांधायची. वरचा पट्टा मात्र पुढे तोंड असलेल्या सीटला लावायचाच. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसह बऱ्याच राज्यांत दोन वर्षांखालच्या मुलाचं तोंड मागेच हवं. बऱ्याच गावांत प्रशिक्षित तपासनीस सीट फुकट तपासून देतात.

आणि भारतात सुट्टीला जाताना: हायब्रिड व्हॅन चार-पाच आठवडे उभी राहिली की तिची बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. गॅरेजमध्ये प्लग असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा मेंटेनर लावा, नाहीतर शेजाऱ्याला किल्ली द्या आणि दर आठवड्याला अर्धा तास फिरवून आणायला सांगा. त्याआधी तुमच्या इन्शुरन्समध्ये दुसऱ्याने चालवलेलं चालतं का, तेवढं फोन करून विचारा.